टोप्या शिवल्या, मिरवणूक गळाली

४ मार्च १९८६ रोजी साप्ताहिकाच्या उपसंपादकाने नोकरी सोडली, तेव्हा फंडासह ४१,२१८ रुपये त्याच्या हाती आले. पुढे त्याची कादंबरी खपली आणि गृहस्थाने उत्साहाच्या भरात तिच्यावर स्वतःच चित्रपट काढायला घेतला. चित्रीकरणाच्या शेवटच्या आठवड्यात पैसे तळाला गेले. चाळीस बँडवाल्यांची मिरवणूक गाळली, तरच चित्रपट पुरा होणार होता. पण त्याचा सगळा जीव नेमका त्याच प्रसंगात.

“लेखकाला विचारलंत का?” बायकोने विचारलं.

“तो ऐकत नाहीये.”

“वीस वर्षं लोकांचे लेख कापलेत, तेव्हा कोणाचं ऐकलंत?”

त्याने लाल पेन्सिल उचलली. चित्रपट पुरा झाला, बरा चाललाही. बँडवाल्यांच्या टोप्या मात्र आधीच शिवून झाल्या होत्या. शिंप्याचे १४० रुपये अजून द्यायचे आहेत.