काकांच्या लेखातला नवा चौकोन
स्पिरिटचा वास आला की मला काका आठवतात. आनुवंशिक आजारांवर संशोधन करणाऱ्या काकांनी केजच्या आमच्या ओसरीवर घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं. पुढे आत्याच्या मुलाशी माझं लग्न लागलं, तेव्हा पहिली अक्षता त्यांनीच टाकली. बाळ पाच महिन्यांचं होऊन साध्या तापानं गेलं. वर्षभरानं गावात काकांचा सत्कार झाला आणि टेबलावर मांडलेल्या त्यांच्या छापील लेखांतला एक मी सहज उघडला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल असं काढलेलं ते आमचंच घराणं होतं. नात्यात लग्न झालं तर या घरात प्रतिकारशक्तीच नसलेली मुलं जन्मू शकतात, असं खाली लिहिलं होतं. लेख पाठवल्याची तारीख माझ्या हळदीच्या आधीची होती. "काका, तुमाला लग्नाआधीच म्हाईत होतं?" मी विचारलं. गळ्यातला हार सावरत ते म्हणाले, "छापून येईस्तोवर बोलता येत न्हाई, बाई. दुसरा कुणी आधी छापतो." आज त्यांचा नवा लेख पाहिला. त्या आकृतीत एक चौकोन वाढलाय, गेलेल्या मुलावर मारतात तशी तिरकी रेघ मारलेला. तापात काकांनी बाळाचंही रक्त काढलं, तेव्हा त्याचा हात मीच घट्ट धरला होता.