हिरवी नाही, केशरी नाही... वांगी कलर

मागच्या गुरुवारी भरदुपारी मी शहागंजातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये उभा होतो. हातात पिशवी, पिशवीत दोन फुटबॉल जर्सी आणि डोकं पार आउट. बायकोला, म्हणजे स्वातीला, भावाच्या लग्नातल्या साडीवर ब्लाऊज पीस पाहिजे होता... आणि मला एक टीम वाचवायची होती.

थोडं मागं जातो.

आमची गारखेड्याची टीम आणि नासिर चाचांची शहागंजची टीम, लई जुनी खुन्नस. पण यंदा दोन्हीकडची निम्मी पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली. ना आमचे अकरा होत होते, ना त्यांचे. स्पर्धेत उतरायचं तर एक व्हायचं, नाहीतर दोघांनी घरी बसायचं... आणि शुक्रवारी एंट्री बंद.

आम्ही बसलो असतो घरी. पण चाचांनी उभी हयात या टीमवर घातलीय. यंदा खंड पडला तर उरलीसुरली पोरंही पांगणार आणि टीम कायमची संपणार, हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं.

एकत्र यायला सगळे तयार. नावही ठरलं. घोडं अडलं ते जर्सीवर. त्यांची हिरवी, आमची केशरी... आता आपल्या शहरात हे दोन रंग समोरासमोर आले की काय होतं, ते मी इथं लिहायला नको.

मग मी मीटिंगमध्ये माझी लाडकी स्टोरी काढली. मित्रांना माहितीये, मला तुर्कस्तानातल्या एका क्लबचं भयंकर वेड आहे. स्वाती तुर्की सिरियल बघते, मी तुर्की लीग. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर बाकीच्या क्लबवाले कमेंटमध्ये भांडायला येतील.

तर काळ्या समुद्राकाठचं एक शहर. तिथं दोन जुने क्लब, एक हिरवा-पांढरा, दुसरा लाल-पिवळा, आणि दोघांचं एकमेकांशी हाडवैर. एक झाल्याशिवाय मोठ्या लीगमध्ये जागा नाही, आणि आपला रंग सोडायला कुणी तयार नाही... ओळखीचं वाटतंय ना?

भांडून भांडून शेवटी ते एक झाले. आणि रंग घेतला तो दोघांचाही नाही, तिसराच... मरून आणि निळा. तोपर्यंत तिथली लीग म्हणजे इस्तंबूलवाल्यांची जहागीर. या पठ्ठ्यांनी ती मोडली... इस्तंबूलच्या बाहेरचा पहिला चॅम्पियन हाच क्लब. हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कहानी अच्छी है बेटा. हरा नक्को तो केसरी बी नक्को. तिसरा कौनसा, वो बता."

तिथंच माझी दांडी गुल झाली. निळा म्हणालो, तर एकजण हसून म्हणाला, त्याचेही मालक आहेत शहरात. पिवळा शेजारच्या टीमचा, पांढरा मातीत टिकत नाही, काळ्यात पोरं उन्हानं भाजतील... चहा संपला, मीटिंग संपली, रंग काही सापडला नाही.

मीटिंगला नेलेली तीच जर्सींची पिशवी घेऊन मी मॅचिंग सेंटरमध्ये उभा होतो. स्वातीनं माझं उतरलेलं तोंड बघितलं, पिशवी ओढली आणि दोन्ही जर्सी काउंटरवर एकीला एक लावून पसरल्या. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या... मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"हिरवं अंग, केशरी काठ... अशी साडी आहे असं समज," ती म्हणाली. "हिरवं ब्लाऊज घेतलं तर काठ मरतो, केशरी घेतलं तर अंग मरतं. दोन्ही उठून दिसतील असा तिसरा घ्यायचा असतो. एवढ्यासाठी मीटिंगा घेता होय रे तुम्ही?"

दुकानदारीण बाईंनी एकेक पीस त्या जर्सींवर टाकून बघितला. गुलाबी बाद, राणी कलर बाद, मोरपंखी जवळपास... आणि मग वांगी कलर पडला. खरं सांगतो, हिरवी आणि केशरी दोन्ही एकदम खुलून आल्या. स्वातीनं ते सगळं उचलून दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितलं, कारण ट्यूबलाइटखाली मॅचिंग फसतं म्हणे. उन्हातही पास.

त्या टीचभर कापडाची चिंधी घेऊन मी थेट चाचांचं घर गाठलं. त्यांनी ती आधी आपल्या हिरव्या जर्सीवर ठेवली, मग आमच्या केशरीवर. मग परत आपल्या हिरवीवरच नेली... मला वाटलं, गेलं सगळं.

मग त्यांनी विचारलं, "वो तुर्कीवाले... तिसरा रंग लेके जीते ना?"

"चॅम्पियन झाले, चाचा."

"फिर डाल दे एंट्री."

काल पहिली मॅच झाली. हाफ टाइमला आम्ही एका गोलनं मागं, पोरांची तोंडं पडलेली. पाणी द्यायला गेलो तर चाचा मधोमध उभे, आणि वांगी जर्सीतल्या पोरांना माझीच स्टोरी सांगतायत.

"उधर बी एक बुड्ढा था, हरेवाला. सबसे जास्ती वोच अड़ के बैठा था. फिर एक दिन उसने अपना हरा घडी करके रख दिया... रोया भोत. लेकिन पोट्टे जीत गए."

मी सांगितलेल्या स्टोरीत असा कुणी म्हातारा नव्हता. मी तसाच बाटल्या घेऊन मागं थांबलो.

दुसऱ्या हाफमध्ये आम्ही गोल फेडला, बरोबरी केली. शहागंजवाले आणि गारखेडावाले एकाच बाजूला उभं राहून ओरडताना मी जन्मात पहिल्यांदा बघितले. स्वातीचे आभार मानले, तर म्हणाली, ब्लाऊज शिवायला टाकायचंय, चल.

आणि माझ्या त्या लाडक्या क्लबचा इतिहास इथून पुढं मी कुणालाही सांगितला, तर तो हिरवावाला म्हातारा धरूनच सांगणार आहे.