क्लेमेंटच्या चार दीर्घिका

१२ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार. सकाळी चर्चमध्ये मिस्सा. वाडीत शिंपण झालं. दुपारी क्लेमेंट आला, अँथनीची वही मागायला.

क्लेमेंटचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या मेहनतीच्या सावलीत गेलं होतं. नंदाखाल गावातल्या घराच्या अंगणात आल्बिनाच्या नवऱ्याने, अँथनीने, दोन वर्षं हाताने काच घासून चौदा इंची आरसा केला, दुर्बीण उभी केली. तेव्हा हा खुर्चीत बसून सूचना करायचा. पुसट दीर्घिका दिसायला अंधारात तास तास डोळा लावून बसावं लागतं. क्लेमेंटला दहा मिनिटांत डास चावायचे आणि घर आठवायचं. अँथनी वारल्यावर मात्र मुंबईच्या आकाशप्रेमी मंडळात तो ‘आम्ही दोघांनी’ म्हणू लागला.

आता मंडळाच्या स्मरणिकेत अँथनीच्या वहीतलं एक पान छापायचं होतं. एका मोठ्या दीर्घिकेशेजारच्या चार अंधुक सोबतिणींपैकी त्याने दोनच काढल्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘उरलेल्या दोन दिसल्या नाहीत.’

“आल्बिना बाय, दोनच छापल्या तर लोक हसतील,” क्लेमेंट म्हणाला. “मी चारही पाहिल्यात, याच दुर्बिणीतून. हे बघा माझं चित्र. अँथनीच्या पानावर दोन ठिपके देऊ, ते वाक्य खोडू. नाव त्याचंच मोठं होईल.”

क्लेमेंटच्या चित्राखाली ठसठशीत अक्षरं होती: ‘दुर्बिणीपाशी बसून काढले.’

आल्बिनाने दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. कपाटातून ताऱ्यांचं पुस्तक काढलं, त्याच दीर्घिकेचा फोटो उघडला.

“क्लेमेंट, या दुर्बिणीतून आमचा माड कसा दिसतो?”

“कसा म्हणजे?”

“शेंडा खाली, बुंधा वर. अँथनीचं चित्र फोटोच्या उलटं आहे. तुझं अगदी फोटोसारखं सुलट. डोळा कुठे लावला होतास, दुर्बिणीला की पुस्तकाला?”

“घरी जाऊन सरळ करून काढलं, बाय.”

“मग दुर्बिणीपाशी बसलं कोण? तुझं भूत?”

क्लेमेंटने घाम पुसला. “मग मंडळवाले हे पान छापणारच नाहीत. बघा, पुन्हा कोणी विचारायला येणार नाही.”

“न येवोत. दोन दिसल्या, दोन लिहिल्या, एवढाच तो माणूस होता. त्यात तुझी भर नको.”

तिने वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो कॉफीची वाट बघत आणखी थोडा वेळ बसला. तेवढी लाजही त्याला नव्हती.

तो गेल्यावर, संध्याकाळी, तिने आपल्या रोजनिशीत त्या दिवसाची नोंद पुरी केली: ‘राजेळी केळ्यांचा घड पिकायला टांगला.’