काविळीची माळ

परवा तळेगावच्या बाजारात एका पोराच्या डोक्यावरून काविळीची माळ उतरलेली दिसली. त्या हिरव्या काड्यांच्या कडवट वासानं मी थेट मांडवगणच्या आमच्या ओसरीवर पोचले.

धाकट्या सुमीला कावीळ झाली होती. डोक्यावर घातलेली माळ जशी लांबत खाली येईल, तशी कावीळ उतरते, असं सगळेच मानायचे.

"अवं, पोरगी डोळं उघडंना. दौंडला दवाखान्यात नेऊ," आई म्हणाली.

"माळ छातीपतूर आलीया. आता मधीच सुई टोचली तर समदं वाया जाईल," आप्पा म्हणाले.

आम्ही भावंडं कौतुकानं माळ बघत होतो. आई एकटीच सुमीचा चेहरा बघत होती.

काड्या सुकल्या की दोरा सैल पडतो, एवढंच असतं ते. सुमीला शेवटचं उचललं, तेव्हा माळ बेंबीपर्यंत पोचली होती.