सोनेरी टोकाची वायर

मी सोडून सगळं जग माझ्या बायकोला ताई म्हणतं. टीव्हीच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिचे केस पांढरे झाले. गिऱ्हाईक आत आलं की मालकाकडे न बघता विचारतं, "ताई आहेत का?" नसली तर "मग उद्या येतो" म्हणून मागे फिरतं. माझं शिवणकामाचं दुकान त्याच रस्त्यावर, दोन दारं सोडून. माझी चौकशी अशी प्रेमाने आजवर कुणी केलेली नाही. दारातूनच ओरडतात, "पँट झाली का?"

तिची विकायची तऱ्हाच न्यारी. लोक टीव्हींच्या रांगेकडे धावतात, ही त्यांना आधी एका लाकडी खुर्चीत बसवते. ती खुर्ची तिने मालकाशी भांडून दुकानात ठेवून घेतली आहे. मग हिची उलटतपासणी सुरू होते. घरात कुठे बसता? खिडकी कुठल्या बाजूला? जेवताना बघता की जेवण झाल्यावर? उत्तरं ऐकत ऐकत ती खुर्ची पुढेमागे सरकवते आणि म्हणते, "आता बघा. घरी एवढ्याच अंतरावरून दिसणार आहे." मोठा टीव्ही घ्यायला आलेला माणूस मधला घेऊन जातो आणि वर तिचेच आभार मानतो. मालक कपाळाला हात लावतो. पण तोच माणूस पुढे भावाला, मेहुण्याला घेऊन येतो, म्हणून मालक तिला काही बोलत नाही.

सगळं ठरलं की शेवटी सेट टॉप बॉक्समधून टीव्हीत चित्र आणणाऱ्या वायरीची पाळी. दुकानाच्या मधल्या भिंतीवर दोन अगदी सारखे टीव्ही शेजारी शेजारी लावलेले होते. दोन्हीवर एकच चित्र चालू असायचं. डाव्या टीव्हीला साधी वायर, उजव्याला सोनेरी टोकाची, जाडजूड. तिच्या किमतीत मी दोन शर्ट शिवून दिले असते. उजवीकडचं फूल लालभडक दिसायचं, डावीकडचं सुकायला लागल्यासारखं. ताई त्या भिंतीसमोर गिऱ्हाईकाला उभं करायची. "मी काही सांगत नाही. तुमचेच डोळे सांगतील." डोळे सांगायचे आणि जाड वायर पिशवीत जायची. यात तिची लबाडी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. तिला स्वतःला तो फरक दिसत होता, आणि जे दिसतं ते सांगायचं हा तिचा स्वभाव.

मग आमच्या घरचा जुना टीव्ही गेला. बाईसाहेब नवा घेऊन आल्या आणि त्याबरोबर अर्थातच ती सोनेरी टोकाची वायर. आता त्या वायरीचं डोकं इतकं लांब आणि ताठ, की टीव्ही भिंतीला टेकेचना. मागे पोक काढून उभा. कोटाची पाठ अशी फुगलेली मला बघवत नाही, तर रोज डोळ्यांसमोर असलेला टीव्ही कसा बघवेल? ती कामावर गेल्यावर मी जाड वायर काढली, सेट टॉप बॉक्सबरोबर फुकट आलेली बारीक वायर लावली, आणि टीव्ही कसा चापूनचोपून बसला. जाड वायर ड्रॉवरमध्ये टाकून मी कामाला लागलो.

संध्याकाळी ती आली, चहा घेऊन टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "बघितलंत? माणसाचा केसन् केस वेगळा दिसतोय. वायर चांगली असली ना, की असं असतं."

मी पँटची खालची पट्टी दुमडत होतो. मान वर न करता म्हटलं, "कुठली वायर? ती ड्रॉवरमध्ये आहे. टीव्ही भिंतीला टेकत नव्हता."

आधी ती हसली. मग उठून टीव्हीमागे डोकावली. मग माझ्या हातातली पँट काढून घेतली. "मी पाठ करून उभी राहते. तुम्ही वायर बदला, नाहीतर बदलल्यासारखं करा. मला सांगू नका." मला काय, मजाच वाटली. मी वायर घालतोय, काढतोय, "आता कुठली, बाईसाहेब?" म्हणून चिडवतोय. कधी तिचं बरोबर यायचं, कधी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं. मग तिचा चेहरा दिसला आणि मी चिडवायचं थांबवलं.

"मग दुकानात फरक कसा दिसतो?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मालक यायच्या आधी, तिने मलाही दुकानात नेलं. मी भिंतीवरच्या दोन टीव्हींच्या वायरींची अदलाबदल केली. आता साधी वायर उजव्याला होती, तरी फूल उजवीकडेच लालभडक. तिने रिमोट घेतला आणि दोन्हींची सेटिंग उघडली. उजव्याचा उजेड आणि रंग पार वर चढवलेले. डावा वीज वाचवण्याच्या सेटिंगवर, मिणमिणता. ती भिंत वायरीच्या कंपनीची. त्यांचा माणूस अधूनमधून येऊन ती सजवून जायचा आणि दुकानातल्यांनी तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. गिऱ्हाईकाच्या खिडकीची दिशा विचारणाऱ्या माझ्या बायकोने तो दंडक इमानेइतबारे पाळला होता.

मालक आला. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, सगळीकडे असंच असतं. दोन्ही टीव्ही सारखे करून टाका, विषय संपला."

"आणि मी ज्यांच्या गळ्यात वायरी मारल्या त्यांचं काय?"

"त्यांची काही तक्रार आहे का? टीव्ही छान चालतायत." मग तो जरा मवाळ झाला. "हे बघा, लोक इथे वायर घेत नाहीत, तुमचा शब्द घेतात. तोच खोटा पडला तर उद्या टीव्ही तरी कोण घेईल?"

मला त्याचं पटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. "गप्प बस ना. कुणाला कळणार आहे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचं चांगलं कापड उलटं कापून ठेवलंय.

तेवढ्यात एक बसड्रायव्हर आला. आवाज मोठा, हसू त्याहून मोठं. पूर्वी स्वतःसाठी टीव्ही घेतलेला, आता आईसाठी हवा होता. "टीव्ही तुम्ही सांगाल तो, ताई. पण वायर ती जाडीच द्या. मी सगळ्यांना सांगत असतो, तुम्ही दाखवलीत तेव्हा कुठे माझे डोळे उघडले."

मालक उगाचच रिकाम्या ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधू लागला. ताईने ड्रायव्हरला खुर्चीत बसवलं. दोन्ही टीव्ही तिने आता सारखे केले होते. "सांगा, कुठला चांगला?"

त्याने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. "दोन्ही सारखेच की."

"सारखेच आहेत. मागच्या वेळी डाव्याचा उजेड कमी करून ठेवला होता. मला ते माहीत नव्हतं, पण बघायला हवं होतं. वायर रंग वाढवत नाही. ती बिघडली तर चित्र तुटतं, अडकतं, नाहीतर येतच नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत लांबवर न्यायची असेल तर जरा दणकट घ्यावी. एरवी साधी पुरते. मी तुम्हाला गरज नसलेली वस्तू दिली. चूक माझी."

ड्रायव्हरचं हसू मावळलं. "मग टीव्हीसुद्धा असाच दिला असेल मला." तो उठला आणि काही न घेता निघून गेला.

त्या संध्याकाळी आमच्या घरी टीव्ही लागला नाही. मी मालकाला शिव्या घातल्या, ड्रायव्हरला घातल्या. ती म्हणाली, "तो बरोबर बोलला. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते." मला वाटलं, झालं, आता ही गप्प बसेल. पण दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या गिऱ्हाईकालाही तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत.

दुकानापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. बाई रस्त्यात लोकांना गाठू लागली. बँकेच्या रांगेत, औषधांच्या दुकानात, "तुम्ही माझ्याकडून वायर घेतली होती ना?" तिच्याबरोबर पाव आणायला जायचीही मला चोरी झाली. कुणी हसून सोडून दिलं, कुणी तोंड फिरवलं. एक बाई तर हटूनच बसल्या. "मला अजून फरक दिसतो," म्हणाल्या. ताईने रस्त्यात उभं राहून त्यांना परोपरीने समजावलं, पण बाईंनी वायरीची बाजू सोडली नाही.

दुकानातली गर्दी मात्र ओसरली. खुर्ची दिवसच्या दिवस रिकामी राहू लागली. मालक एकदा कुत्सितपणे म्हणाला, "काढून ठेवू का ती आता?" तिने फडकं घेतलं आणि खुर्ची पुसली. कोट तंग झाला की आम्ही टेलर लोक गिऱ्हाईकाच्या पोटाकडे बोट दाखवतो. सगळा धंदा असाच चालतो. आणि ही माझी बायको, कुणी विचारलेलं नसताना स्वतःकडे बोट दाखवत हिंडत होती. मला तिचा राग यायचा. अभिमानही वाटायचा, इतका की बाकीच्यांशी उगाच भांडावंसं वाटायचं.

एका दुपारी ती चष्मा विसरून गेली म्हणून मी तो द्यायला दुकानात गेलो. माझ्यामागून तोच बसड्रायव्हर आत आला, हाताला धरून एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळत. त्याने त्यांना सरळ नेऊन खुर्चीत बसवलं.

आजींना ऐकू कमी येत असावं, कारण त्या सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "याच का त्या, नको ती वायर देणाऱ्या?"

"आई, हळू!" ड्रायव्हर कानापर्यंत लाल झाला. मग ताईकडे वळून म्हणाला, "दोन दुकानं फिरून आलो, ताई. दोन्हीकडे तुमच्यासारखीच भिंत आहे. उजवीकडे लाल, डावीकडे फिकं. मी विचारलंसुद्धा. कुणी काही बोललं नाही." तो आईच्या कानाशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "याच त्या, आई. चुकल्या तर स्वतःहून सांगतात."

"मग इथेच घेऊ," आजी म्हणाल्या आणि खुर्चीत नीट टेकून बसल्या.

मालक काउंटरमागून पुढे आला. ताई खुर्चीसमोर उभी होती, हात कोरडे असतानाही पुसत. मी चष्मा पुढे केला, तो तिने घेतला, पण घातला नाही. आयुष्यभर जो प्रश्न ती येईल त्याला घडाघडा विचारत आली, तोच त्या दिवशी तिने आजींसमोर वाकून, एकेक शब्द सुटा करत विचारला.

"आजी," ती म्हणाली, "घरात कुठे बसता?"