शनीच्या चंद्रावरचा दुभाषा

माझ्या कादंबरीतला फितूर मी तीन वेळा मारला. एकदा यानाचं दार उघडून अंतराळात फेकला, एकदा त्याच्याच लोकांकरवी जाळला, आणि तिसऱ्यांदा बर्फाच्या खाणीत हळूहळू गोठवला. तिन्ही वेळा लिहून झाल्यावर चहा झक्कास लागला.

हा फितूर म्हणजे आमचा अण्णा, माझा थोरला भाऊ. आमच्या सीमाभागात बऱ्याच घरांतून एक पोरगं कन्नड शाळेत घालत, सरकारी कागद वाचायला कुणीतरी हवं म्हणून. आमच्यात अण्णा गेला. मी मराठी शाळेत. एक दिवस मच्छे गावाजवळच्या आमच्या शेताचा कागद आला. अण्णानं तो आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मराठीतून वाचून दाखवला आणि म्हणाला, "मोजणीचा हाय, करा सही." आप्पांनी डोळे झाकून सही केली. शेत कारखान्याला द्यायला आमची संमती आहे, ही ओळ त्यानं वाचलीच नव्हती. उभ्या भुईमुगात जेसीबी शिरला तेव्हा आम्हाला कळलं. महिन्याभरात अण्णा त्याच कारखान्यात कामाला लागला. आप्पांनी मरेपर्यंत त्याला जाब विचारला नाही. त्यांच्या वाटणीचा रागही मग मलाच आला.

म्हणून कादंबरीत शनीच्या एका चंद्रावर दोन फौजा पाण्यासाठी लढतात, आणि म्हाताऱ्या सेनापतीला तहाचा मसुदा समजावून सांगणारा दुभाषा एक कलम गिळतो. पाण्याची दरी शत्रूला जाते. अण्णानं हे वाचावं आणि स्वतःला ओळखावं, एवढ्यासाठी मी दोन वर्षं खपलो. विज्ञानाशी मला फारसं देणंघेणं नव्हतं.

पहिला खर्डा बायकोनं वाचला. म्हणाली, "पर ह्यो असा का वागला?"

"हलकट हाय म्हणून."

"उगंच कोण असं वागत न्हाय. निस्ता मिशीला पीळ देणारा नाटकातला खलनायक दिसतोय."

चार दिवस धुसफुसलो. मग झक मारत दुभाष्याला कारण दिलं. ते शोधायला लांब जावं लागलं नाही. वेढ्यात अडकलेली माणसं उपाशी होती. दुभाष्यानं दरी देऊन धान्य मिळवलं, आणि त्या धान्यावर सगळ्यात जास्त पोसला गेला तो त्याचाच धाकटा भाऊ. माझं अख्खं कॉलेज अण्णाच्या त्या नोकरीवर झालं. लिहिताना दात आवळलेले होते, पण पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच उतरलं.

पुस्तक छापून आल्यावर अण्णाला खासबागेतल्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. "तूच वाच की रं," म्हणाला.

मी तहाचा प्रसंग वाचला. कलम गिळलं तिथं आवाज मुद्दाम संथ केला. अण्णाची हलणारी मांडी थांबली. त्याला कळलं होतं.

"फुडं?" त्यानं विचारलं. "त्यानं असं का केलं, ते लिवलंयस न्हवं?"

ते पान माझ्या अंगठ्याखाली होतं.

"न्हाय," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

 अण्णा न जेवताच उठला आणि भिंत चाचपडत दाराकडे निघाला. बायकोला ते पान ठाऊक होतं. ती त्याला हात द्यायला धावली. मी जागचा हललो नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.