छातीवरचा ओला पंचा

जानकी पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायची, पाय लांब करायची आणि बाळाला नडग्यांवर निजवायची. पहिला तांब्या ओतताना ती पाण्याकडे बघत नसे. बाळाकडे बघे. कुणी हातपाय सैल सोडी. कुणी मुठी आवळी. कुणी आधी तिचं तोंड न्याहाळी आणि मग रडायचं की नाही ते ठरवी. मूल कोणत्या स्वभावाचं, ते तिला तेवढ्यात कळे.

ती भांडुपला राहायची आणि मुलुंडला रोज चार घरी बाळं-बाळंतिणींना न्हाऊ घालायची. नवरा गुणाजी. त्याची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. तेव्हापासून घर जानकीच्या हातांवर होतं. तीस वर्षांत दोनशेवर बाळं न्हाऊ घालून झाली. एकाच आईची दोन पोरं तिने पाहिली होती. एक अंगावर पाणी पडत असताना झोपायचं, दुसरं तांब्याच्या आवाजानेच आकसायचं. दूध तेच, आई तीच. आकसणाऱ्या बाळाच्या छातीवर ती ओला पंचा ठेवी, त्याचे हात त्याखाली घेई आणि आधी पावलांवर पाणी सोडी. शांत बाळांना पंचा लागत नसे.

तिचा एक नियम होता. न्हाणीघरात पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही. दुसऱ्या घरी नाही, आणि त्याच घरात तर मुळीच नाही.

या चार घरांतल्या वसुधावहिनींची नात शुभा पंचावाली निघाली. साडेतीन महिन्यांची. कुकरची शिटी झाली की दचकायची. नवं झबलं घातलं की किंचाळायची. पाहुण्याने उचललं की संपलंच.

"आमचा श्याम ठेवला तिथे पडून असायचा," वसुधावहिनी स्वयंपाकघरातून ऐकवायच्या. "हिच्या आईने नऊ महिने बँकेच्या फायली उपसल्या. पोरीला शांतपणा येणार कुठून?"

सून उत्तरा ऐकून घ्यायची. त्या शनिवारी ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"जानकीमावशी, सोमवारी रजा संपते. मी राजीनामा लिहून ठेवलाय."

"कित्याक गो?"

"माझ्यामुळेच झालीय ना ही अशी?"

जानकीचा तांब्या हवेत राहिला.

एकोणतीस वर्षांपूर्वी याच उंबऱ्यावर एक बावीस वर्षांची पोर बसली होती. तिनेही हेच विचारलं होतं. मांडीवर श्यामकांत किंचाळत होता. त्या पोरीचं नाव वसुधा.

बोलावं तर सुनेसमोर सासूची शोभा. इतक्या वर्षांचं घर तुटणार. न बोलावं तर सोमवारी या पोरीची नोकरी गेली, आणि तिच्या मनातलं ते भूत जन्माचं राहिलं.

जानकीने शुभाच्या छातीवरचा पंचा काढला आणि बादलीच्या कडेला टाकला.

"वैनी, जरा येवा! माझो गुडघो धरलो. पोरीक घेवा."

"मी? माझी कंबर काय तुझ्या गुडघ्यापेक्षा बरी आहे?"

तरी त्या आल्या. पाटावर बसल्या, पाय लांब केले. शुभा त्यांच्या नडग्यांवर ताठ झाली आणि तिने टाहो फोडला.

वसुधावहिनींनी न बघताच हात मागे नेला. बादलीच्या कडेचा पंचा उचलला, शुभाच्या छातीवर पसरला, तिचे हात त्याखाली घेतले. ओंजळभर पाणी पावलांवर सोडलं.

"आलं हं पाणी. आलं हं, आलं."

शुभाने दोन हुंदके दिले. आजीच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मूठ उघडली.

"आई," उत्तरा हळूच म्हणाली, "मावशी म्हणतात, शांत बाळाला पंचा लागत नाही. तुम्हाला हे कसं माहीत?"

वसुधावहिनींनी जानकीकडे पाहिलं. जानकी बादली न्याहाळत होती.

वसुधावहिनींनी शुभाच्या पावलांवर आणखी एक ओंजळ सोडली.

"श्यामला असंच लागायचं," त्या म्हणाल्या. "वर्षभर. रडून रडून निळा व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, तुझंच काहीतरी चुकतंय."

"आणि काय चुकत होतं?"

"काही नाही गं. तो तसाच होता. अजून तरी कुठे बदललाय? नवा शर्ट आठवडाभर खुंटीवर लटकतो, मग घालतो."

उत्तराला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली. वसुधावहिनींचे हात ओले होते, त्यांनी कोपरानेच तिला ढोसलं.

"पुरे. सोमवारी डबा मी करीन. पण निघताना हिला सांगून जा. चोरून पळू नकोस. अशा पोरांना आधी सांगावं लागतं."

"रडेल."

"रडेल, आणि थांबेल. मी आहे ना."

उत्तरा उठली. आतून कागद फाटल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा, लहान तुकड्यांचा.

जानकीने चपला घातल्या आणि जिना भराभर उतरली. वरून उत्तराने कठड्यावरून वाकून हाक मारली.

"मावशी, गुडघा कसा आहे?"

"खंयचो गुडघो?" म्हणत जानकी पुढच्या घराकडे वळलीसुद्धा.